‘आधी का नाही सांगितलंस?’

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याला तीन दिवसांचं एक ट्रेनिंग ठरलं, शिक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या बाया, पोलीस पाटील, ठाण्यातले दोन-चार जण असे सगळे एकत्र, आणि विषय असा की लैंगिक अत्याचार झालेली बाई किंवा लेकरू समोर आलं तर त्याच्याशी बोलायचं कसं, काय विचारायचं, काय नाही विचारायचं. पत्रकावर ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ असा शब्द होता, म्हणजे माणसाच्या मनाला बसलेला धक्का ओळखून त्याच्याशी वागायचं, तेवढ्यावरूनच अर्धे लोक बिथरले आणि ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. एकजण म्हणे, "ट्रेनिंग-बिनिंग कशाला, दोघा-तिघांना चौकात फाशी द्या, आपोआप बंद होतंय." दुसऱ्याचं म्हणणं पोरींना कराटे शिकवा आणि मोबाईल काढून घ्या. तिसरा जरा शिकलेला, तो म्हणाला हे आमच्या पोरांना अडकवायचं ट्रेनिंग आहे, बाई म्हणेल ते खरं मानायचं एवढंच शिकवणार. त्या तीन दिवसांत नेमकं शिकवणार काय, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे, वीसेक वर्षं झाली, लेकरांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीतही आहे, त्यामुळं हे भांडण असं चाललेलं बघून मला गप्प बसवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षा किती कडक हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या कितीतरी आधी दुसरा प्रश्न येतो, की त्या बाईनं पहिल्यांदा ज्याच्याजवळ तोंड उघडलं त्यानं तिला पहिलं काय विचारलं. बहुतेक प्रकरणं तिथंच मरतात, ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. आणि तो पहिला प्रश्न नीट विचारणं हे कुणाच्या अंगी उपजत येत नाही, ते शिकावं लागतं आणि शिकवता येतं. म्हणून हे ट्रेनिंग पाहिजे, आणि पोलिसांच्या आधी आपल्याला पाहिजे.

हे मला कळलं ते चुकून कळलं. पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, यायच्या आधीची गोष्ट. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि घरातल्याच एका माणसाबद्दल सांगायला लागली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस गं?" माझ्या मनात काळजीच होती, पण तिला ऐकू आलं ते वेगळं, तिला ऐकू आलं की चूक तुझी आहे. "काही नाही बाई, असंच," म्हणाली आणि वर्गात निघून गेली. नंतर मी कितीदा जवळ घेऊन विचारलं, ती परत बोलली नाही. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही, पुढं कळलं की लग्न लावून दिलं. मी वाईट बाई नव्हते, मला कुणी शिकवलं नव्हतं एवढंच.

आता फाशीवाल्यांचं. त्यांचा राग खरा आहे आणि मला तो कमी लेखायचा नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्यावर लोक रेल्वेच्या रुळावर उतरले ते आठवून बघा. कायद्यात फाशी नव्हती का? होती की, बारा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१८ पासून होती, पॉक्सोमध्ये २०१९ पासून होती. लोक पेटले त्यात मोठा वाटा याचा होता की चार वर्षांच्या लेकरांच्या आईबापांना तक्रार घ्यायला तासन्‌तास ताटकळत ठेवलं. म्हणजे राग होता तो पहिल्या दारातल्या वागणुकीचा, आणि आपण तो राग उचलून शेवटच्या दाराशी नेऊन ठेवला. आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होती, ते काही कायदा होऊ शकलं नाही. समजा झालं असतं. तरी देशातल्या बलात्काराच्या खटल्यांत निकाल लागतो तेव्हा शिक्षा होते सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांत, बहुतेक वर्षी आकडा याच्याच आसपास असतो. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१ ची, ती सांगते की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मग फाशीची भाषा आपण नेमकी कुणासाठी करतोय? आणखी एक, शंभरातल्या नव्वदाहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, शेजारचा, नात्यातला, कामावरचा. घरातल्या चुलत्याला फाशी होणार असं म्हटलं की आधी त्या पोरीच्या तोंडावर हात कोण ठेवतं? तिचीच आजी, तिचीच आत्या. शिक्षा जितकी वाढवाल तितकं घर गप्प होणार, याचा विचार ग्रुपवर एकानं तरी केला का? आणि ज्यांनी फाशी-फाशी लिहिलं त्यांनीच मागच्या वेळी एका पीडित मुलीचा फोटो गावाच्या नावासकट फॉरवर्ड केला होता, ‘न्याय मिळालाच पाहिजे’ असं वर लिहून. तिची ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा आहे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हेही खरं.

इतिहासही तेच सांगतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. मग १९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. १९९६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की उशिरा तक्रार केली म्हणून बाई खोटी ठरत नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीनंतर २०१३ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं की विरोध केला नाही म्हणजे संमती होती असं धरायचं नाही. एवढं सगळं झालं, आणि २०२१ मध्ये गोव्यातल्या एका सत्र न्यायालयाच्या निकालात घटनेनंतरच्या फोटोत बाई हसतेय, आनंदी दिसतेय यावर चर्चा होतीच. म्हणजे पन्नास वर्षांत कायद्याची कलमं बदलली, पण माणसांच्या डोक्यातलं ‘खरी पीडित बाई अशी असते’ हे चित्र जागचं हललं नाही. कलम विधिमंडळ बदलू शकतं, हे चित्र कोण बदलणार? ते समोरासमोर बसून, बोलून, सराव करूनच बदलतं.

काहीजण म्हणतात ट्रॉमा वगैरे बाहेरून आलेलं फॅड आहे. शब्द बाहेरचा आहे, मान्य. पण आपल्या भाषेला ही गोष्ट माहीत नाही का? वाचा बसली, दातखीळ बसली, हातपाय गळाले, धसका घेतला, हे शब्द काय लंडनहून आले? सापासमोर, विहिरीच्या काठावर, अपघातात माणूस जागच्या जागी थिजतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तेच बाईच्या बाबतीत झालं की आपण विचारतो, "ओरडली का नाहीस?" २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी बलात्कारानंतर महिन्याच्या आत दवाखान्यात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास छापला, त्यातल्या ७० टक्के बायकांचं शरीर त्या वेळी बऱ्यापैकी थिजलं होतं, हलताच आलं नव्हतं. आपली दातखीळ त्यांनी मोजली, इतकंच.

आणि आपल्या मराठवाड्याला हे समजावून सांगायची वेळ यावी याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण आपण किल्लारी बघितलीय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बुडवून लोक झोपलेले. त्यानंतर कितीतरी दिवस काही माणसं रडलीच नाहीत, काहींना त्या रात्रीचं सलग काही सांगता यायचं नाही, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी, एखादा मधेच हसायचा. बावन्न गावं नव्या जागी वसवली, सिमेंटची घरं दिली, तरी माणसं वर्षानुवर्षं घरात झोपायला तयार नव्हती, अंगणात पत्र्याखाली झोपायची. त्यांना कुणी म्हटलं का, तू रडला नाहीस म्हणजे तुझं घर पडलंच नाही? तुझी वेळ जुळत नाही म्हणजे तू खोटं बोलतोस? सगळ्यांना न शिकवता कळलं होतं की मोठ्या धक्क्यात माणसाचं असं होतं. एवढी समज आपण जमीन हादरली तेव्हा दाखवली. तीच समज एका पोरीसाठी दाखवायला आपल्याला इतकं जड का जातं? कारण भूकंपात दोष कुणाला द्यायचा नव्हता. इथं द्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाला द्यावा लागतो.

उशिराबद्दल तर आपल्या घरांतच पुरावा आहे. माझी आजी उमरग्याकडची. रझाकाराच्या काळाचं विचारलं की मुलुख सोडून कसे पळालो, जात्याखाली दागिने कसे पुरले, सगळं सांगायची, पण शेजारच्या एका बाईचं नाव निघालं की "तवाचं नको विचारू लेकरा" एवढंच. आणि १९४८ मध्ये निजामाच्या राज्यात भारताचं सैन्य आलं त्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान बायकांवर जे गुजरलं तेही कुणी बोललं नाही, सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सगळ्यात वाईट झालं असं लिहिलं, त्यात बायका पळवल्याचं, अत्याचारांचंही लिहिलं, तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. या बाया साठ-साठ वर्षं गप्प राहिल्या म्हणून ते घडलं नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग सात महिन्यांनी बोललेल्या पोरीला आपण कोणत्या तोंडानं विचारतो?

आता ज्या मुद्द्याला मी खरंच वजन देते तो तिसऱ्या माणसाचा, पोरांना अडकवण्याचा. खोट्या तक्रारी होतात. जमिनीच्या वादात होतात, भावकीच्या भांडणात होतात, आणि सगळ्यात जास्त दिसतं ते पोरगी पळून गेली की बाप पॉक्सो टाकतो. एन्फोल्ड संस्थेनं आसाम, पश्चिम बंगाल आणि आपल्या महाराष्ट्रातले २०१६ ते २०२० मधले ७,०६४ पॉक्सो निकाल वाचले, त्यातली जवळपास एक चतुर्थांश प्रकरणं प्रेमाची निघाली. सतरा-अठराची दोघं, आणि पोरगा तुरुंगात. हे चूक आहे आणि मी ते झाकणार नाही. शिवाय असं ट्रेनिंग देणारे काही लोक वाहवत जातात हेही मान्य, जणू मेंदूचं शास्त्र शिकलं की बाईचं प्रत्येक वाक्य शंभर टक्के बरोबर ठरतं. तसं नसतं. थिजणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. पण न ओरडणं हा निर्दोषपणाचा पुरावा नाही, एवढंच त्यातून शिकायचं असतं.

पण जरा विचार करा, त्या पळून गेलेल्या पोरीच्या प्रकरणात पोराला वाचवणार कोण? तिला एकटीला, बापापासून लांब, घाई न करता "काय झालं, तुला जमेल तसं सांग" असं विचारणारी माणसंच ना? आज होतं काय, बाप शेजारी बसतो, कुणीतरी विचारतं "त्यानं जबरदस्ती केली ना गं?" आणि ती मान हलवते, झाला जबाब. उत्तर प्रश्नातच भरलेलं असलं की त्यातून खरं निघत नाही, ना तिच्या बाजूचं ना त्याच्या. शिकलेला माणूस मोकळा प्रश्न विचारतो, मधे तोडत नाही, तिचेच शब्द लिहितो, एकच गोष्ट पाच जणांसमोर पाचदा वदवून घेत नाही. असा जबाब खोटा असेल तर तो लवकर उघडा पडतो आणि खरा असेल तर उलटतपासणीत टिकतो. निर्दोष पोराच्या आईला तर हे ट्रेनिंग माझ्यापेक्षा जास्त हवं असायला पाहिजे.

उरला मुद्दा चहा-बिस्किटाचा, की अशा कार्यशाळांनी काही होत नाही, सही करायची, जेवायचं, सर्टिफिकेट घेऊन घरी. हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण अशा कितीतरी मी बसून काढल्यात. एका दिवसात, पडद्यावर स्लाइड दाखवून, काहीही होत नाही. पण म्हणून नीट केलेलं कामही फुकट जातं का? मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाणी घेऊन प्रयोग झाला, तिथं काही ठाण्यांत महिलांसाठी वेगळा हेल्प डेस्क दिला, आडोशाची जागा, काय करायचं याची ठरलेली पद्धत आणि कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले, त्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी नोंदवण्याचं प्रमाण वाढलं, आणि जिथं डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथं एफआयआर जास्त झाले. राजस्थानातही पोलीस ठाण्यांत अनेक सुधारणा करून पाहिल्या होत्या, त्यातल्या ज्यांचा फरक दिसला त्या दोनच, ट्रेनिंग आणि बदल्या थांबवणं. आपल्याकडं शिकवलेली पीएसआय बाई सहा महिन्यांत दुसऱ्या जिल्ह्यात. मग भांडायचं तर यासाठी भांडा की ट्रेनिंग पुरं तीन दिवस झालं पाहिजे, सराव करून घेतला पाहिजे, दर वर्षी परत झालं पाहिजे, शिकलेला माणूस जागेवर राहिला पाहिजे. नुसतं नकोच म्हणणं सोपं आहे.

आणि शिकायचं काय असतं, तर अगदी हाताशी लागणाऱ्या गोष्टी. बाईला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण लेकरू अठराच्या आतलं असेल तर पॉक्सोच्या कलम १९ नं आपल्याला कळवावंच लागतं, आणि वचन मोडलं की ती परत कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून आधीच सांगायचं की मला काय करावं लागेल आणि तोवर मी तुझ्याबरोबर असेन. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही, हे कलम २४ आहे, किती आईबापांना माहीत आहे? कपडे धुवायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, कागदात ठेवायचे. आणि बहात्तर तास. एचआयव्हीपासून बचावाचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू झालं पाहिजे, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. आपल्याकडं हे तीन दिवस कशात जातात? भावकीच्या बैठकीत. "घरातलं घरात मिटवून घ्या" म्हणणारे जाणते लोक पारावर बसलेले असतात आणि घरात औषधाची वेळ निघून जाते. दलित, पारधी, भटक्या बायांच्या वाट्याला तर हे ‘मिटवून घ्या’ दुप्पट येतं, कारण समोरचा जमिनीचा मालक असतो, उद्या त्याच्याच रानात कामाला जायचं असतं. दवाखाना एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारू शकत नाही, नाकारले तर तो गुन्हा आहे. आणि ती दोन बोटांची तपासणी, बाईला आधी संबंधांची सवय होती का हे बघायच्या नावाखाली होणारी, जी सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये चूक ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, ती कुणी करायला लागलं तर आशाताईला तिथल्या तिथं "हे करता येत नाही डॉक्टरसाहेब" म्हणता आलं पाहिजे. आशाताईत ते बळ नुसत्या जीआरनं येणार आहे का?

यानं अत्याचार थांबणार का, असंही विचारतात. सगळे नाही थांबणार. पण ओळखीचा माणूस एकदाच करून थांबत नाही, तो त्याच घरात, त्याच शाळेच्या वाटेवर असतो, आणि पहिल्या पोरीला आपण गप्प केलं की दुसरीची पाळी येते. माझ्या त्या सातवीतल्या मुलीच्या घरात तिच्या मागं आणखी एक बहीण होती.

आमच्या जिल्ह्याचं तर वेगळंच आहे. दसरा झाला की ट्रॅक्टर भरतात आणि लाखो माणसं उसाला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पार मार्च-एप्रिलपर्यंत. राहायच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, दार नसतं, संडास नसतो, बाई पहाटे अंधारात उसाच्या फडाकडं जाते, मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत निघून यायची सोय नसते. याच बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तोवर वर्षानुवर्षं त्या कुणाजवळ काही बोलल्या नव्हत्या, कारण विचारणारंच कुणी नव्हतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा यांनाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते, पण मुदत तीन महिन्यांची, फार तर लेखी कारण देऊन आणखी तीन. नोव्हेंबरात फडावर काही घडलं तर ती बाई गावाकडं येईपर्यंत एप्रिल उजाडतो, तोवर तिनं कुणाला सांगायचं? मुकादमाला? तिथं तिच्या जवळ असते ती टोळीतली दुसरी बाई, मुकादमाची बायको, फार तर तिथल्या गावची आशाताई. तालुक्याच्या हॉलमधले तीन दिवस झाले की तेच ट्रेनिंग सोपं करून टोळ्या निघायच्या आधी गावागावांत, वस्तीवर, या बायांना द्या, दोन तासांचं का होईना, स्थानिक समितीचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्या, मुकादमाच्या बायकोला शेजारी बसवून. यंदाची उचल वाटायला सुरुवात झालीय. ट्रॅक्टर निघायला फार दिवस राहिले नाहीत.